उंटाचं क्लोनिंग : अल ऐनमध्ये जे पाहिलं ते, आणि तुमची मतं हवी आहेत

सांडणीस्वार

नमस्कार मंडळी. मी मूळचा आटपाडीचा. गेली सतरा वर्षं संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला पशुऔषधांच्या दुकानात आहे. आमचं निम्मं गिऱ्हाईक उंटवाल्यांचं. जंताची औषधं, गोचिडाची औषधं, क्षारांच्या विटा, सुया, सलाईन असा सगळा माल आम्ही ठेवतो. उंटांच्या क्लोनिंगबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही आणि माझ्या मनातही बरेच दिवस घोळतंय, म्हणून हा धागा.

आधी थोडी माहिती. जगातलं पहिलं क्लोन केलेलं उंटाचं पिल्लू ८ एप्रिल २००९ ला दुबईत जन्मलं. मादी होती. नाव ठेवलं इंजाझ, म्हणजे कर्तबगारी. गर्भ ३७८ दिवस राहिला आणि जन्माच्या वेळी पिल्लाचं वजन ३० किलोच्या आसपास होतं. ज्या सांडणीच्या पेशींपासून ते झालं, ती २००५ मध्येच मांसासाठी कापली गेली होती. तिच्या बीजांडकोशातल्या पेशी वाढवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या होत्या. म्हणजे जनावर गेल्यावर चार वर्षांनी त्याची प्रतिकृती उभी राहिली. हे काम करणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. निसार अहमद वाणी, आपल्या काश्मीरचे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१० मध्ये, बिन सौगान नावाचा पहिला क्लोन नर झाला. तो एका नामांकित नराच्या कानाच्या कातडीतल्या पेशींपासून. आणि २०१५ च्या डिसेंबरात इंजाझ स्वतः नैसर्गिकरीत्या गाभण राहून व्यायली. क्लोन जनावर वांझ निघतं अशी ज्यांना शंका होती त्यांना ते उत्तर होतं.

आता इकडे हा धंदा झालाय. शर्यतीत जिंकणारे, सौंदर्यस्पर्धेत बक्षिसं घेणारे आणि भरपूर दूध देणारे, अशा तिन्ही प्रकारच्या उंटांना मागणी आहे. एका क्लोनला पन्नास हजार डॉलरच्या वर खर्च येतो, तरी लोक रांगेत आहेत.

मी हे का लिहितोय ते सांगतो. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सत्तरीचे इमिराती गृहस्थ. शहराबाहेर त्यांची इझबा आहे, म्हणजे उंटांचा गोठा म्हणा. त्यांची रीम नावाची एक म्हातारी सांडणी आहे. तरुणपणी तिनं पुष्कळ शर्यती मारल्या. मागच्या हिवाळ्यात तिच्या कानाचा नमुना घ्यायचा ठरला. औषधं पोचवायला गेलो होतो, तर सुदानी राखणदारानं मलाच दावं धरायला लावलं. त्यानं 'इख्ख, इख्ख' केलं तशी ती पुढचे गुडघे टेकून, मग मागचे दुमडून वाळूत बसली. डॉक्टरांनी कानाची कड भादरली, स्पिरिटनं पुसली, बधिर करायची सुई दिली आणि तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे काढून गुलाबी पाण्याच्या कुपीत टाकले. दहा मिनिटांचं काम. रीमनं एकदा मान झटकली, एवढंच. मग ती माझ्या खिशापाशी तोंड आणून हुंगायला लागली, कारण माझ्याकडे नेहमी खजूर असतात.

कुपी बर्फाच्या पेटीत गेली. मालक तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "जो हुवार होईल, तो मला ओळखेल का?" हुवार म्हणजे उंटाचं पिल्लू. मला उत्तर देता आलं नाही.

माझं स्वतःचं मत अर्धं आहे. माझ्या वडिलांकडे खिलार बैलांची जोडी होती. त्यातला एक गेला तेव्हा त्यांनी दोन दिवस जेवण घेतलं नाही. त्यांना कुणी सांगितलं असतं की हाच बैल परत आणता येतो, तर त्यांनी रान विकलं असतं. त्यामुळे ही ओढ मला कळते. पण एकाच सांडणीची पाच-दहा पिल्लं एका गोठ्यात बांधलेली बघतो तेव्हा काहीतरी चुकतंय असंही वाटतं, आणि ते नेमकं काय हे मांडता येत नाही. इथे पशुवैद्य आहेत, जैवतंत्रज्ञानातले लोक आहेत, उंटपाळांत काम केलेले आहेत. फायदे-तोटे मोकळेपणानं लिहा.

---

गोठ्यातला डॉक्टर

धागा उत्तम. मी संगमनेर भागात तीस वर्षं गाई-म्हशींची कृत्रिम रेतनं केली. उंटावर प्रत्यक्ष हात फिरवलाय तो फक्त बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रातल्या एका प्रशिक्षणात. पण उंटवाले एवढ्या महागड्या मार्गाला का लागले, ते जनावराच्या शरीरातच दडलंय. ते सांगतो.

आपली गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. माज ओळखायचा, गोठवलेल्या वीर्याची कांडी गरम पाण्यात सोडायची, भरायची, मोकळं व्हायचं. सांडणीचं तसं नाही. नर लागल्याशिवाय तिचं बीजांड सुटतच नाही. नराच्या वीर्यातच एक प्रथिन असतं, ते रक्तात गेल्यावर बीजांड सुटतं. त्यामुळे कृत्रिम रेतन करायचं तर आधी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन वेळ साधावी लागते. शिवाय नराचं वीर्य डिंकासारखं चिकट असतं. ते पातळ करणं आणि गोठवून पुन्हा जिवंत करणं, दोन्ही अवघड. गाईच्या वळूची एक उडी शेकडो कांड्या देते, हे गणित उंटात बसतच नाही.

त्यात जुगण्याचा हंगाम फक्त थंडीचा. गर्भ तेरा महिने. त्यामुळे पिल्लू दोन वर्षांतून एक. एखादी सांडणी शर्यती मारून निवृत्त होते तोवर तिच्या पोटी येऊन येऊन किती येणार? म्हणून आखातात भ्रूण प्रत्यारोपण रुजलं. चांगल्या सांडणीला इंजेक्शनं देऊन एकाच वेळी पुष्कळ बीजांडं पिकवायची, नर लावायचा, सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय धुऊन भ्रूण काढायचे आणि साध्या सांडण्यांच्या पोटात ठेवायचे. हे गेली तीसेक वर्षं चाललंय आणि माझ्या मते तेच जास्त शहाणपणाचं आहे, कारण त्यात आई आणि बाप दोघांचंही रक्त मिसळतं.

क्लोनिंगमध्ये तसं मिसळणं नाही. बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक सूक्ष्म सुईनं ओढून काढायचं आणि त्या जागी रीमच्या कातडीची पेशी बसवायची. विजेचा हलका झटका देऊन दोन्ही एकजीव करायचे. मग रसायनानं जागं करायचं आणि आठवडाभर उबवणयंत्रात ठेवायचं. कातडीच्या पेशीनं आपण कातडी आहोत हे विसरून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची असते. ते विसरणं बहुतेक वेळा अर्धवट राहतं. डॉली मेंढीच्या वेळी २७७ पेशी जोडल्या, त्यांतून २९ भ्रूण मेंढ्यांत ठेवण्याजोगे निघाले आणि कोकरू एक. आज तंत्र खूप सुधारलंय, पण अजूनही बहुतेक गर्भ वाटेतच गळतात.

तोट्यात हे पहिलं धरा. एका जिवंत पिल्लामागे किती सांडण्यांना इंजेक्शनं दिली, किती रिकाम्या राहिल्या, कितींचा गर्भ दोन-तीन महिन्यांनी गेला, हा हिशेब बक्षीस घेतानाच्या फोटोत दिसत नाही.

---

माणदेशी_मुलगा

आटपाडीकर, नमस्कार! मी शेजारच्या तालुक्यातला. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक साधा प्रश्न. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचे शौकीन आत्ताच विचारायला लागलेत की नामांकित खोंडाचा क्लोन करता येईल का. क्लोन झाला तर तो तसाच पळतो का?

---

सांडणीस्वार

इथे जे ऐकतो-बघतो त्यावरून सांगतो. शरीराची ठेवण येते, पायांची लांबी येते, छाती येते. बाकीचं वाढवण्यावर. ज्या सांडणीच्या पोटात वाढला तिचं पोषण, पहिल्या वर्षाचं दूध, कुणाच्या हाताखाली शिकला, मैदानावर यंत्रस्वाराला सरावला की बुजला, सगळं धरावं लागतं. (इथे उंटावर आता माणूस नसतो, दूरनियंत्रकावर चालणारं छोटं यंत्र असतं. पूर्वी लहान मुलं बसवत. पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधून आणलेली चार-पाच वर्षांची पोरं. २००५ मध्ये युनिसेफशी करार झाला आणि ती मुलं घरी पाठवायला सुरुवात झाली. हे लिहिल्याशिवाय उंटाच्या शर्यतीबद्दल काही लिहूच नये असं मला वाटतं.)

मालकांना पिल्लू हुबेहूबच हवं असतं, पण निसर्ग तेवढा शब्द पाळत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत मांजराचा पहिला क्लोन झाला. मूळ मांजर तीनरंगी, क्लोनच्या अंगावरचे पट्टे वेगळेच. उंट बहुतेक एकरंगी असतो म्हणून तसा फरक डोळ्यांना दिसत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. अर्जेंटिनात पोलो खेळाडू आदोल्फो काम्बियासो २०१६ मध्ये क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून मोठी स्पर्धा जिंकला. म्हणजे तंत्र फसवं नाही.

---

जुईली_प्र

वाचते आहे. यंत्रस्वार आणि लहान मुलांबद्दल आवर्जून लिहिलंत त्याबद्दल आभार.

---

रानवाट

मी जरा वेगळ्या बाजूनं लिहिते. मी सात वर्षं कच्छमध्ये मालधारींबरोबर, म्हणजे तिथल्या पशुपालकांबरोबर, काम केलं. उंट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दुबईची प्रयोगशाळा येत नाही, पोहणारे उंट येतात.

कच्छच्या खाडीत खराई जातीचे उंट आहेत. फकिराणी जत आणि रबारी लोक ते पाळतात. भरतीच्या पाण्यात हे उंट मान वर काढून पोहत खारफुटीच्या बेटांवर जातात आणि तिथेच दिवसचे दिवस चरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाण्यावर नुसती डोकी आणि मदारी दिसत होत्या. मागून एक म्हातारे जत कमरेइतक्या चिखलातून हाका मारत येत होते. पुढच्या सांडणीला ओहोटी कधी लागेल ते माहीत असतं, असं ते म्हणाले. पिल्लू आईच्या बाजूबाजूनं पोहायला शिकतं. खाडीतली वाट कुठे खोल आहे, कुठल्या बेटावर पावसाचं पाणी साचतं, हे एका पिढीकडून दुसरीकडे असंच जातं.

२०१५ मध्ये खराईला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. त्याच वेळी खाडीतल्या खारफुटीवर मिठागरांचे बांध पडत होते, भरतीचं पाणी आत येणं थांबत होतं, झाडं उभीच्या उभी वाळत होती. आता सांगा, या जातीचे शंभर क्लोन केले तर ते पोहणार कुठे?

देशातले आकडे बघा. २०१२ च्या पशुगणनेत उंट चार लाख होते. २०१९ च्या गणनेत अडीच लाख. सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेले. यातला एकही उंट 'जन्माला येत नव्हता' म्हणून कमी झालेला नाही. चराईची रानं बंद झाली, ओरण म्हणजे देवराया गेल्या, ट्रॅक्टर आणि पिकअप आल्या, तरुण मुलं हॉटेलात कामाला गेली. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये कायदा आणला, कत्तल बंद, राज्याबाहेर नेणं बंद. हेतू चांगला होता. पण रायका म्हणजे तिथल्या उंटपाळ लोकांचं घर चालायचं ते पुष्करच्या मेळ्यात नर विकून. गिऱ्हाईकच उरलं नाही, भाव कोसळले. जो उंट विकता येत नाही तो पाळायचा कशासाठी, असं मला एका रायका आजींनी विचारलं होतं.

आपल्या विदर्भातही याचं टोक पोचलंय. कच्छचे रबारी पिढ्यान्‌पिढ्या उंट-मेंढ्या घेऊन यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या शेतांत बसतात, शेतकऱ्यांना खत मिळतं. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचे ५८ उंट अडवले गेले. कत्तलीला नेतात असा संशय. न्यायालयानं पुढे उंट परत द्यायला सांगितलं, पण तोवर रोज मैलोन्‌मैल चालत झाडपाला ओरबाडणारं जनावर दावणीला बांधून ठेवलं होतं. काही त्यातच गेले.

म्हणून क्लोनिंगचा फायदा कुणाला, हा माझा प्रश्न आहे. पन्नास हजार डॉलरमध्ये एका मालधारी गावाची खारफुटी परत उभी राहील, दूध थंड ठेवायचं केंद्र उभं राहील. कच्छमध्ये दूधसंघानं उंटिणीचं दूध घ्यायला सुरुवात केली, २०१९ मध्ये ते अमूलच्या नावानं बाजारात आलं, आणि मी स्वतः पाहिलंय की दोन तरुण पोरं ट्रकवरची नोकरी सोडून कळपात परत आली. दुधाला रोजचा भाव आहे एवढ्याच कारणानं.

---

गोठ्यातला डॉक्टर

रानवाट ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण एक भर घालतो. नमुने गोठवून ठेवणं आणि क्लोन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खराई, मेवाडी, जालोरी यांच्या शे-दोनशे निरनिराळ्या जनावरांच्या कानाचे तुकडे आज नायट्रोजनमध्ये ठेवले, तर खर्च फार नाही. उद्या रोगाची साथ आली तर तेवढा तरी आधार. यात एकाच जनावराच्या प्रती काढायच्या नाहीत, जितकी निरनिराळी जनावरं तितकं चांगलं.

कौशल्य आपल्याकडेही आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं २००९ मध्ये म्हशीचा क्लोन केला. पहिली पारडी काही दिवसच जगली, पण त्याच वर्षी गरिमा झाली. मार्च २०२३ मध्ये तिथेच गंगा ही गीर कालवड झाली. काश्मीरमध्ये २०१२ मध्ये नूरी ही पश्मिना शेळी.

---

उत्तरध्रुव

ताईंच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण एका ठिकाणी क्लोनिंगची बाजू घ्यायची आहे. रानटी दोन मदारींचा उंट.

लडाखला गेलेल्या प्रत्येकानं नुब्रा खोऱ्यात हुंदरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटावर बसून फोटो काढलेला असतो. ते पाळीव. त्यांचा रानटी भाऊबंद चीन आणि मंगोलियाच्या गोबीत राहतो आणि तो वेगळीच जात आहे. लाखो वर्षांपूर्वी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तो समुद्रापेक्षा खारट झऱ्यांचं पाणी पिऊन जगतो. चीननं ज्या लोप नूर भागात अणुचाचण्या केल्या, तिथेही तो टिकला. आज हजाराच्या आत उरलेत. खाणी, लांडगे, आणि सगळ्यात चोरटा धोका म्हणजे पाळीव उंटांशी होणारा संकर.

इथे अडचण अशी की या रानटी उंटिणी पकडून त्यांच्यातून बीजांडं काढणं शक्यच नाही. म्हणून दुबईच्या चमूनं आधी पाळीव दोन मदारींच्या उंटावर प्रयोग केला. पेशी दोन मदारींच्या उंटाची, बीजांड एका मदारीच्या सांडणीचं, पोटही तिचंच. २०१७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. पूर्ण दिवसांचं पिल्लू जन्माला आलं. सातव्या दिवशी रक्तात जंतू पसरून गेलं.

सात दिवस. मी तो अहवाल वाचताना एकटाच बसलो होतो आणि बराच वेळ पुढे सरकलो नाही. पण दुसऱ्या जातीच्या आईच्या पोटात तेरा महिन्यांच्या आसपास वाढून एक पिल्लू उभं राहिलं, ही गोष्ट उरतेच. ज्या जातीचे हजारही उरले नाहीत, तिच्यासाठी हे दार उघडं ठेवावं असं मला मनापासून वाटतं. रान राखण्याचं काम त्यामुळे सुटत नाही, हे रानवाट यांचं म्हणणं इथेही लागू आहेच.

---

कस्तुरी_डोंबिवली

मला सौंदर्यस्पर्धांबद्दल कुणी लिहील का याची वाट बघत होते. सौदीत राजधानी रियाधजवळ राजे अब्दुलअझीझ यांच्या नावानं उंटांचा मोठा मेळा भरतो, बक्षिसं कोट्यवधी डॉलरची. ओठ लोंबते, नाक मोठं, मान लांब, मदार नीट जागी असं सगळं पारखतात. २०१८ मध्ये बोटॉक्स टोचलेले १२ उंट बाद केले. २०२१ मध्ये चाळीसच्या वर. ओठ सुजवायला इंजेक्शनं, स्नायू वाढवायला संप्रेरकं.

त्या बातमीतल्या जनावराचे डोळे मला विसरता येत नाहीत. जिथे ओठ मोठा दिसावा म्हणून सुया टोचतात, तिथे क्लोनिंग हे पुढचं पाऊलच आहे. जिंकलेला चेहरा छापून काढायचा. सगळे एकाच सांडणीचे ओठ आणि नाक घेऊन उभे राहिले तर पुढच्या वीस वर्षांत त्या कळपाचं काय होईल?

---

पेशीकेंद्र

कस्तुरी, नेमका मुद्दा. माझं काम प्रतिकारशक्तीवर आहे, म्हणून त्या अंगानं लिहितो.

कळप टिकतो तो रोगाशी लढायची प्रत्येकाची हत्यारं वेगळी असतात म्हणून. उंटाला देवी येतात, सर्रा नावाचा रक्तातला रोग होतो. साथीत काही मरतात, काही तगतात. एकाच सांडणीच्या वीस प्रती असतील तर त्या वीसही एकाच हत्यारानं लढणार. तेवढं पुरेसं नसेल तर सगळ्या एकदम आडव्या होतील. शिवाय मालक त्या क्लोननाच पुढे पैदाशीला लावणार, कारण तेच महाग. म्हणजे बारीकसा दोष असेल तोही झपाट्यानं पसरणार. जातिवंत (थरोब्रेड) घोड्यांच्या शर्यतीत क्लोनची नोंदणीच होत नाही, तिथे कृत्रिम रेतनही चालत नाही. तो नियम जुना आणि कडक वाटतो, पण मला पटतो.

औषधांबद्दल एक गैरसमज दूर करायचा आहे. उंटाच्या रक्तात एक विशेष प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. आपल्या प्रतिपिंडांत जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात, उंटात नुसत्या जड साखळीचीही असतात. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये ते दाखवलं. त्यांचा टोकाचा तुकडा इतका लहान असतो की मोठ्या प्रतिपिंडांना जिथे शिरता येत नाही तिथे तो शिरतो. उंटाच्याच कुळातल्या लामाच्या अशा तुकड्यावरून रक्तात गुठळ्या होण्याच्या एका दुर्मिळ आजारावर औषध निघालं, २०१८ मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. पण हे तुकडे एकदा सापडले की ते जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बनवता येतात. त्यासाठी उंटाचा क्लोन लागत नाही. 'क्लोनिंगमुळे औषधं मिळतील' असं सरसकट लिहिलेलं वाचाल तर थोडं थांबा.

खरा उपयोग होईल तो जनुक बदललेल्या सांडणीच्या दुधातून औषधी प्रथिन काढायचं ठरलं तर. शेळीत ते झालंय. रक्त गोठण्यावर ताबा ठेवणारं एक प्रथिन शेळीच्या दुधातून काढून त्याला २००६ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. उंट उन्हाळा सोसतो, कमी पाण्यावर दूध देतो, म्हणून दुबईकर त्या दिशेनं बघतात. तिथे क्लोनिंगला पर्याय फार कमी.

---

माणदेशी_मुलगा

आमच्या गावातल्या मंडळींना हा धागा वाचून दाखवला. खिलार वळूचा क्लोन करण्यापेक्षा गावात चार निरनिराळ्या घरांचे चांगले वळू राखूया, असं दोघांनी तरी लगेच म्हटलं. एकजण मात्र अजून कर्नालचा फोन नंबर शोधतोय.

---

रानवाट

डॉक्टर, नमुने साठवण्याबद्दल सहमत. फक्त ज्या मालधारीच्या उंटाचा कान कापाल त्याचं नाव त्या कुपीवर असू द्या, आणि पुढे त्यातून पैसा झाला तर त्याचा वाटाही. या जाती त्यांनी घडवल्या आहेत. सरकारी कागदात जात येते, माणूस येत नाही.

---

सांडणीस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. चार दिवस उशीर झाला, कारण सांगतो.

रीमच्या पेशींपासून झालेला पहिला भ्रूण ज्या सांडणीच्या पोटात ठेवला होता, ती पंधराएक दिवसांत नर जवळ आला की शेपूट उभारायला लागली. उंटवाल्यांची ती जुनी खूण आहे, गाभण सांडणी नराला शेपूट वर करून दाखवते. राखणदारानं रात्री अकराला मला फोन करून सांगितलं, इतका आनंद झाला होता. दोन महिन्यांनी सोनोग्राफीत काही नव्हतं. तिचं शेपूटही खाली आलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात रीम गेली. वय झालं होतं. सकाळी उठलीच नाही, राखणदार पाण्याची बादली घेऊन गेला तेव्हा मान वाळूवर लांब पसरलेली होती. मी गेलो तेव्हा तिच्या कानाच्या कडेला नमुना घेतला तिथली छोटी खाच दिसत होती. केस पूर्ण आलेले नव्हते.

मालकांच्या मुलाला आणखी दोन प्रयत्न करायचे आहेत, शर्यतीसाठी. मी म्हाताऱ्यांना तुम्हा सर्वांचं म्हणणं माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. पोहणाऱ्या उंटांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवून दोनदा विचारलं, किती लांब पोहतात, पिल्लं बुडत नाहीत का. माझ्याकडचा फोटो मोठा करून बघितला. रानवाट ताई, तुमच्याकडे पिल्लं पोहतानाचा एखादा व्हिडिओ असेल तर कृपया इथे द्या, त्यांना दाखवायचा आहे.

मुलानं आणलेला संमतीचा कागद त्यांनी वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, तुझ्या दुकानात राहू दे, हिवाळा लागला की बघू. तो मी औषधांच्या कपाटात, नायट्रोजनच्या पावत्यांच्या फाइलीत ठेवलाय. सही झालेली नाही.